कानाची पाळी

साक्षीला कुणी काळी म्हटलेलं नेहाला खपत नसे. त्यावरून रावेतच्या सोसायटीत ती एका बाईशी चांगलीच भांडली होती, आणि सासूबाईंनाही तिने बजावून ठेवलं होतं, "आई, काळी नाही म्हणायचं. सावळी म्हणायचं." सहा वर्षांची साक्षी आता स्वतःच सगळ्यांना सांगायची, "मी सावळी आहे. सावळं म्हणजे छान."

नेहाला दुसरीही मुलगी झाली. चाकणच्या कंपनीतून शिफ्ट संपवून प्रितम साक्षीला घेऊन थेट दवाखान्यात आला. बाळ गुलाबी दिसत होतं. सासूबाई म्हणाल्या, "आता दिसतो तो रंग काही खरा नसतो. पुढं कसा येणार ते कानाच्या पाळीवरून कळतं."

आता नेहा चिडणार, म्हणून प्रितमने तिच्याकडे पाहिलं. पण नेहाने बाळाचं टोपडं हळूच वर सरकवलं, इवलासा कान दुमडला आणि खिडकीच्या उजेडात नीट निरखून पाहिला.

"उजळ आहे हो आई," ती म्हणाली. तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

बोलून गेल्यावर तिचं लक्ष गेलं. साक्षी पलंगाशीच उभी होती, स्वतःच्या कानाला हात लावून. नेहाने घाईघाईने टोपडं पुन्हा खाली ओढलं.



"मम्मी, ती सावळी असती तरी आपण तिला घरी नेलं असतं ना?"