साधी गाडी

“पांढरी होती. चार दारांची. साधी गाडी, साहेब, कुठेही दिसते तशी,” भाऊ म्हणाला.

पोलीस अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं. दवाखान्याच्या कॉरिडॉरमधल्या बाकावर बहीण नवऱ्याचे बूट मांडीवर घेऊन बसली होती. एका बुटाच्या नाड्या कात्रीने कापलेल्या होत्या. समोरच्या बंद दारामागे तिच्या नवऱ्याच्या पायाचं ऑपरेशन चाललं होतं. पाय वाचेल का, असं तिने विचारलं तेव्हा सर्जन “बघू” म्हणाला होता आणि तिची नजर चुकवून आत गेला होता.

तिला भावाचं तोंडही बघायची इच्छा नव्हती. सकाळी घरात भांडण पेटलं होतं ते त्याच्याच पायी. लग्न न करता तो बहिणीकडेच राहत होता, आणि घरामागचं सगळं अंगण त्याने गाड्यांनी भरून टाकलं होतं. गाड्या तरी कसल्या! कुणी नावही ऐकलेलं नाही अशा कंपन्यांच्या. एकीला नाकावरच दार. दुसरीला कपाळावर एकच दिवा. तिसरी मोटारसायकलच्या इंजिनावर चालणारी पावाची व्हॅन, म्हणजे चालत होती तेव्हा. कुणाच्या गोठ्यातून, कुणाच्या पडक्या भिंतीआडून तो त्या हुडकून काढायचा आणि ओढत घरी आणायचा. मागच्या दिव्याची फुटकी काच हातात दिली तरी गाडी कोणत्या कारखान्यातली ते बिनचूक सांगायचा. तिचा नवरा त्याला भंगारशेठ म्हणायचा. आधी थट्टेने, अलीकडे दात खाऊन.

“रविवारी भंगारवाला येतोय,” सकाळी नवरा म्हणाला होता. “तुझं एकही डबडं शिल्लक राहणार नाही.”

“हात तर लावून बघा, दाजी.”

भांडतभांडतच दोघे कोपऱ्यापर्यंत गेले होते. मग रुग्णवाहिका आली.

“गाडी थांबली नाही?” अधिकाऱ्याने विचारलं.

“नाही ना. मी मागे धावलो. पार पुलापर्यंत. तिथे दिसेनाशी झाली.”

“नंबर?”

“पाटीवर चिखल होता.”

“आणि यांना तसंच रस्त्यात टाकून धावलास?” बहिणीला राहवलं नाही. “कोपऱ्यावरच्या शिंप्याने उचललं त्यांना. परक्या माणसाने!”

“ताई, त्याला पकडायलाच धावलो ना?”

“तुला बरंच झालं. आता रविवारी कोण बोलावतंय भंगारवाल्याला!”

“ताई!”

“शांत व्हा, बाई,” अधिकारी म्हणाला. “तुमच्या भावासारखा साक्षीदार आम्हाला मिळत नाही. घाबरलेल्या माणसाला गाडीचा रंगही आठवत नसतो. हे ऐका.” त्याने जबाब वाचून दाखवला. पांढरा रंग. मागच्या उजव्या दाराला पोचा. बंपरवर काळी पट्टी. आरशाला टांगलेलं लाल खेळणं. मागच्या काचेला तडा.

ऐकताऐकता बहीण खजील झाली. एवढं सगळं त्याने धावताधावता पाहिलं, लक्षात ठेवलं. आपण उगाच तोडून बोललो. कसाही असला तरी पाठचा भाऊ आहे.

मग तिला कसलीशी शंका आली. बूट तसेच धरून ती भावाकडे बघत राहिली.

“माझी गाडी कोणत्या रंगाची आहे रे?”

“काय?”

“माझी गाडी. रोज दारात उभी असते. परवा बंद पडली तेव्हा तूच ढकललीस. रंग सांग.”

भाऊ हसल्यासारखं करून अधिकाऱ्याकडे बघू लागला. अधिकारी हसला नाही.

“राखाडी,” भाऊ म्हणाला.

“लाल आहे.”

अधिकाऱ्याने पेन खाली घेतलं. बहिणीने बूट बाकावर ठेवले आणि ती उठून उभी राहिली.

“साहेब, याला साधी गाडी दिसत नाही. जन्मात कधी दिसली नाही. ती पांढरी गाडी याने घडवलीय. खरी कोणती होती, ते आता विचारा.”

भावाने एकदा ऑपरेशनच्या दाराकडे पाहिलं. मग बोलू लागला, आधी अडखळत, नंतर भरभरून.

“व्हॅन होती. तीन चाकांची. दार वर उघडतं तिचं, पेटीच्या झाकणासारखं. कारखाना वर्षभरही चालला नाही. मी तिचा नुसता फोटो पाहिला होता, तोही अर्धा. जगात एकही उरली नसेल असं वाटायचं. आणि ती समोरून येत होती, साहेब! चालत! लांबूनच ओळखली मी.”

“लांबूनच?” बहीण म्हणाली.

“दाजी पाठमोरे होते. बोलत होते काहीतरी.”

भावाच्या आवाजात तोच लाड होता, नवी गाडी अंगणात आणल्यावर असायचा तो. पुलापलीकडे बंद पडलेली लाकडाची वखार आहे, त्याने सांगितलं. तिथल्या शेडमध्ये व्हॅन लावून चालकाने वर ताडपत्री ओढली. तो गेल्यावर आपण आत शिरलो, ताडपत्री उचलली आणि बघत बसलो.

अधिकारी फोन काढून घाईने जिन्याकडे निघाला. भाऊ त्याच्या मागे धावला. त्याने चक्क हात जोडले.

“साहेब, जप्त करा, पण तिला उघड्यावर ठेवू नका. पत्रा फार पातळ आहे तिचा.”