दुसरं भाषण

“या वेळी एकच लिही,” सोमवारी सकाळी मंत्रीसाहेबांचा सल्लागार कॉलिन म्हणाला. “सुटकेचं.”

गिरीश मंत्रीसाहेबांची भाषणं लिहायला लागल्यापासून असं कुणी म्हटलं नव्हतं. माणसाचा जीव टांगणीला लागला की भाषणं नेहमी दोन लिहायची. माणूस वाचला तर एक, नाही वाचला तर दुसरं. जे लागेल ते मंत्रीसाहेब वाचून दाखवत, उरलेलं केराच्या टोपलीत जाई.

दुसरं भाषण हा गिरीशचा हातखंडा होता. युद्ध सुरू झाल्यापासून त्याने लिहिलेलं प्रत्येक दुसरं भाषण वापरावं लागलं होतं. ऑफिसात सगळे याला योगायोग म्हणत. गिरीशची आई हयात असती तर म्हणाली असती, वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते. साहेबाच्या देशातली वास्तू इंग्रजीतही तथास्तु म्हणते, हे बिचारीला ठाऊक नव्हतं.

मेलेली माणसं गिरीशच्या स्वप्नात येत नसत. ती जागेपणी येत. लंडनच्या भुयारी रेल्वेत, ट्यूबमध्ये, समोर सैनिकाच्या वयाचा कुणी पोरगा पेंगत बसला असला, की गिरीशला आपोआप त्याच्यासाठी वाक्यं सुचू लागत. ‘हसतमुख, कर्तव्यदक्ष, सगळ्यांचा लाडका.’ मग तो घाबरून पुढच्या स्टेशनवर उतरून जाई.

आणि आता अंबरीश. लंडनच्या पिनर भागातला सर्जन, एका सेवाभावी संस्थेबरोबर युद्धाच्या मुलुखातल्या हॉस्पिटलात काम करायला गेलेला. त्याला पळवून नेऊन दीड महिना झाला होता. फौज परत बोलवा, नाहीतर डॉक्टरला मारू, असा निरोप होता. अंबरीशची आई सुप्रभामावशी आणि गिरीशची आई कॉव्हेंट्रीला एकाच हॉस्पिटलात डॉक्टर होत्या. त्यामुळे मावशीच्या हातचं खाऊनच गिरीश वाढला होता. अंबरीशचं दुसरं भाषण आपल्याला लिहावं लागणार, या धास्तीत तो दिवस काढत होता.

“म्हणजे तो सुटतोय?” त्याने विचारलं.

“मी काहीही बोललेलो नाही.” कॉलिनने चहाचा मग त्याच्यापुढे ठेवला. आजवर कॉलिनने स्वतःच्या हाताने कुणाला चहा दिल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. “तारीख मोकळी सोड. त्याच्या आईला भेटून ये, घरातले चार बारकावे मिळतील. पण कशासाठी हवेत ते सांगायचं नाही. गुप्त आहे.”

पिनरला जायला ऑफिसची गाडीसुद्धा मिळाली.

मावशीने दार उघडलं. ती निम्मी झाली होती. हॉलमधला सोफासेट भिंतीकडे सरकवलेला होता.

“बुधवारी टीव्हीवाले येतायत,” ती म्हणाली. “लाइटसाठी जागा लागते म्हणे. मी सरळ सांगणार आहे, फौज परत बोलवा आणि माझा मुलगा मला द्या. गुरुवारी पार्लमेंटमध्ये व्होट आहे ना, फौज ठेवायची की नाही त्यावर? दोन-चार एमपी जरी हलले तरी पुरे. पडू दे गव्हर्नमेंट. मला काय त्याचं!”

“मावशी, अंबरीशबद्दल थोडं विचारायचं होतं. लहानपणीचं वगैरे.”

मावशी एकदम थांबली. दोन भाषणांची ही रीत त्याच्या आईने तिला पूर्वीच सांगितली होती.

“गिरीश, माझ्याकडे बघ. दुसरं लिहितोयस का रे?”

त्याने कसलं तरी खोटं उत्तर जुळवायचा प्रयत्न केला. ते जुळेना.

“नाही गं मावशी. मला एकच लिहायला सांगितलंय. तो परत येतो तेव्हाचं.”

मावशी मटकन खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडली. मग डोळे पुसून तिने फोन उचलला आणि टीव्हीवाल्यांना इंटरव्ह्यू कॅन्सल केल्याचं सांगितलं. “आत्ता काही बोलून वेड्यावाकड्या माणसांना चिडवायला नको,” ती गिरीशला म्हणाली. “तुम्ही लोक करताय ना सगळं नीट? मग झालं.”

मग तिने भरभरून सांगितलं. अंबरीश इंजेक्शनला किती घाबरायचा, आणि तरी सर्जन कसा झाला. सांगता सांगता ती हसलीसुद्धा.

मंगळवारी गिरीशने भाषण एका बैठकीत लिहून टाकलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला आपल्या कामाची लाज वाटली नाही. परतताना ट्यूबमध्ये समोर एक पोरगा पेंगत होता. गिरीश आपल्या स्टेशनपर्यंत बसून राहिला.

गुरुवारी मतदान झालं. फौज तिथेच राहणार होती. सरकार काठावर वाचलं. कॉरिडॉरमध्ये लोक एकमेकांच्या पाठी थोपटत असताना गिरीशचा मोबाइल वाजला.

“अरे, विमान कधीचं ते कळलं का?” मावशी विचारत होती. “त्याला उसळ लागते आल्या आल्या. मटकी आज भिजत घातली तर शनिवारी मोड येतील. घालू ना?”

“विचारून सांगतो,” असं म्हणून गिरीश कॉलिनच्या खोलीत गेला. आत गर्दी होती. त्याला पाहताच कॉलिनने सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं आणि दार लोटलं.

“कधी उतरतोय अंबरीश?” गिरीशने विचारलं. “त्याच्या आईला सांगायचंय.”

“बस, गिरीश.”

“बसत नाही. फोन करायचाय.”



“त्यांनी त्याला रविवारीच मारलं,” कॉलिन म्हणाला.

“पण सोमवारी तर तू मला...”

“मतदान होईपर्यंत त्या बाईंना थोपवायचं होतं. त्यांचा विश्वास बसेल असा आमच्याकडे तू एकटाच होतास. आणि तुला खोटं बोलता येत नाही.”