काढून टाकलेली ओळ

आईच्या कानाचं मशीन ज्या ॲपवर चालतं, ते आम्ही दहा-बारा जण फावल्या वेळात फुकट बनवतो. नवं अपडेट आलं आणि आईला शिट्टीशिवाय काही ऐकूच येईना, म्हणून सुट्टी टाकून तिच्याकडे आले आणि लॅपटॉप उघडला. आमचा कोड पालथा घातला. ज्या तीन प्रकल्पांतून आम्ही कोड उचललाय, तेही पालथे घातले. माहितीच्या पानावर एकच वाक्य: "शिट्टी येत असल्यास योग्य तो बदल करावा." कोणता, ते लिहिलं असतं तर काय हात झिजले असते?

चौथ्या तासाला सापडलं. शिट्टी दाबणारी ओळच आमच्यातल्या कुणीतरी "बहुतेक लागत नाही" असं लिहून काढून टाकली होती. आमच्यात दुसऱ्या कुणीतरी वाचून होकार दिल्याशिवाय असा बदल ॲपमध्ये जात नाही.

"आणि न वाचता याला होकार देणारा दीडशहाणा कोण?" मी ओरडले.

"काय गं?" आईने कानामागे हात धरून विचारलं.



होकार माझाच होता, मागच्या महिन्यातल्या रविवारी सकाळी अकराचा. फोनवर आईला "हो गं, ऐकतेय" म्हणता म्हणता दिलेला.