ज्याची त्याची जागा

"उद्यापासून तुम्ही घड्यांवर," मॅनेजर म्हणाला आणि पाठ फिरवून चालू लागला.

ताईची नणंद इस्त्रीच्या रोलरपाशी तशीच उभी राहिली. इस्पितळाच्या ओल्या चादरी त्या तापलेल्या रोलरखालून एक सुरकुती न पडता काढायला तिला दोन महिने लागले होते. तीनदा बोटं भाजून घेतली होती. आता कुठे हात बसला, तर म्हणे घड्या!

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"साहेब, तिचं चुकलं काय ते तरी सांगा!"

मॅनेजर थांबला. त्याने वाफेने धुरकटलेला चष्मा सदऱ्याला पुसला. "चुकलं काही नाही," म्हणाला आणि गेला.

"घुम्या मेला!" ताई म्हणाली, तेही त्याला ऐकू जाईल अशा बेताने.

त्या धुलाई कारखान्यात अडतीस बायका होत्या आणि गेले आठ महिने सगळ्यांचं हेच चाललं होतं. यंत्रात कपडे घालणारीची उचलबांगडी वाळवणीवर, वाळवणीवरचीची शिलाईवर, शिलाईवालीची गाडी भरायला. जरा जम बसला की हललीच. कारण विचारावं तर घुम्याचं डोकं वहीत. अठरा वर्षं मळक्या कपड्यांची निवड करणाऱ्या ताईलासुद्धा त्याने साबण मोजायला उभं केलं होतं. पहिल्याच दिवशी यंत्रातून गुडघाभर फेस बाहेर आला आणि अख्खा कारखाना हसला. पुढे तेही काम तिला जमलं, पण ते हसू काही ती विसरली नाही.

"भिंतीवर डोकं आपटलं तर निदान आवाज तरी येतो," शिलाईवाली मावशी जेवणाच्या सुट्टीत म्हणाली. "ह्याच्यातून तोही नाही."

"आपण काय बुद्धिबळातली प्यादी आहोत का? उचललं, ठेवलं!" ताईने डब्याचं झाकण आपटलं. "कागद आण गं. मी सांगते, तू लिही."

नणंदेने लिहिलं. हा माणूस आमच्याशी बोलत नाही. बदल करतो, पण कारण सांगत नाही. आम्हाला माणसात धरत नाही. ज्याची त्याची जागा ज्याला त्याला परत मिळावी. खाली अडतीस सह्या झाल्या.

कागद घेऊन ताई मालकीणबाईंकडे गेली. वडिलांमागे वर्षापूर्वी कारखाना हाती घेतलेली ही मुलगी ताईपेक्षा वीस वर्षांनी लहान. पण तिने उठून खुर्ची दिली, स्वतः पाणी ओतलं, फोन वाजला तो बंद करून उलटा ठेवला. अर्धा तास ती नुसती ऐकत होती. अठरा वर्षांत ताईला कुणी 'बसा' म्हटलं नव्हतं.

"ज्याला माणसांशी बोलता येत नाही, त्याने माणसांवर मॅनेजर राहू नये," मालकीणबाई म्हणाल्या. "माझं दार तुम्हाला कायम उघडं आहे, ताई."

तिसऱ्या दिवशी मॅनेजर आपलं सामान पिशवीत भरून निघाला. ताई मुद्दाम दारात उभी राहिली. इतक्या दिवसांचं साठलेलं होतं, ते असं सुखासुखी कसं जाऊ द्यायचं?

"आता तरी बोला! आठ महिने तोंडाला कुलूप लावून बसलात. चार शब्द बोलला असतात तर ही वेळ आली असती का?"

त्याने तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. मग तिच्या खांद्यावरून आत बघत म्हणाला, "वाळवणीवरच्या दोघी अजून कच्च्या आहेत. त्यांना आठवडाभर तिथेच राहू द्या."

"जाताजाताही हुकूमच!"

तो खाली मान घालून रस्त्याला लागला. कुणी निरोपाचा हात हलवला नाही.

सोमवारी मालकीणबाईंनी ताईला मॅनेजरच्या जागी बसवलं. ताईने पहिल्याच तासाला यंत्रं थांबवून सगळ्यांना गोळा केलं. "माझ्या राज्यात लपवाछपवी नाही," ती म्हणाली. "जे असेल ते तोंडावर. आजपासून जिची तिची जागा तिला!" टाळ्या पडल्या. नणंद धावतच रोलरकडे गेली. वाळवणीवरच्या दोघींनी तर ताईला मिठीच मारली. त्यांनाही आपापल्या टेबलावर परत जायला मिळालं.

"एक तक्ता करून द्या मला," मालकीणबाईंनी सांगितलं. "कोण नेमकं कुठलं काम करतं ते. एका नावापुढे एकच काम. खाली तुमची सही."

ताईने तो घरी बसून सुवाच्य अक्षरात लिहिला, सही केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर ठेवला. मालकीणबाईंनी बोट फिरवत सावकाश वाचला. नणंदेच्या नावाखाली रेघ मारली, मावशीच्या नावाखाली मारली, मग भराभर मारतच गेल्या.

"ह्या रेघा कसल्या, बाई?"

"पुढच्या महिन्यात नवं यंत्र येतंय. इस्त्री, घड्या, शिलाई, सगळं तेच करेल. ज्यांना तेवढं एकच काम येतं त्यांना ठेवून मी काय करू? यंत्राचं कारखान्यात कळलं तर आधी तुला काढीन, असा त्याला दम भरून आठ महिने मी त्याच्याकडे ही यादी मागत होते, ताई. आणि दर वेळी तो एकच उत्तर द्यायचा, आमच्याकडे एकच काम येणारी बाई एकसुद्धा नाही."