पुठ्ठ्याचं चिलखत

"हात वर कर. कुठे टोचतंय का?" आसावरीने शेवटची लाल नाडी आवळली.

दियाने हात वर करून एक गिरकी घेतली.

म्युझियममधलं सामुराईचं चिलखत बघून आल्यापासून आसावरी खपत होती. पुठ्ठ्याच्या काळ्या पट्ट्या परकराच्या नाड्यांनी ओवलेल्या, मिशाळ मुखवटा, शिंगांचं शिरस्त्राण. दिया डावखुरी, म्हणून तलवार उजव्या कमरेला.

"लढाईला पाठवतेयस का पोरीला?" दियाचा बाबा साकेत हसला.

"लढाईच आहे ती."

खोटं नव्हतं. घरात दियाची टकळी बंद होत नसे. घरात फक्त मराठी, हा आसावरीचा कडक नियम. लंडनमधल्या स्टॅनमोरच्या शाळेत मात्र वर्षभर चकार शब्द नाही. आज जपान डेच्या नाटकात सामुराईला एकच वाक्य होतं. चेहरा झाकला तर पोरगी बोलेल, एवढीच आशा.

हॉल भरला. पडद्यामागून स्पीकरवर कुणा मुलीचा आवाज घुमला. खणखणीत, अस्सल ब्रिटिश. समुद्राकाठचा किल्ला, भित्रा राजा, सगळं अशा झोकात सांगत होती की लोक खिदळायला लागले.

"कोणाची रे ही?" आसावरी कुजबुजली. "हिची आई किती निवांत झोपत असेल!"

"आसू, तुलना नको."

सामुराई आला. उजव्या हाताने तलवार ओढू लागला. ती अडकली.

"उलट्या हाताने काय ओढतेय! घाबरलीय रे." आसावरीने साकेतचा हात घट्ट धरला. "बोल गं माझी बाय. एकदाच."

तलवार एकदाची सुटली. मुखवट्यातून घोगरी आरोळी आली, "आय ॲम नॉट अफ्रेड!"

आसावरी ताडकन उभी राहिली. डोळे पुसत, हात लाल होईपर्यंत टाळ्या पिटत राहिली. साकेतने बोटं तोंडात घालून शिट्टी मारली.

सामुराईने झुकून नमस्कार केला आणि मुखवटा काढला. आत घामाघूम झालेला, दियाच्या वर्गातला कबीर होता.

आसावरीचे हात हवेतच थांबले. ती तशीच उभी. दिया कुठाय?

तेवढ्यात स्पीकरमधून तोच खणखणीत आवाज आला, पण आता मराठीत:

"आई, खाली बस ना! मागच्यांना दिसत नाहीये!"