वाटेवर मांडलेले नान

बुलडोझर गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबला, तेव्हा रिसोलत खाला तंदुरातून नान काढत होती. ताश्कंदहून कुणी बडी असामी येणार होती. तिच्या गाड्यांना रस्ता अरुंद पडू नये म्हणून खालाचं घर आणि दारातला तंदूर आज पाडायचा, असं हाकिमाच्या कचेरीत ठरलं होतं. गल्लीला कुणी विचारलं नव्हतं. विचारायची तशी रीतच नाही.

कचेरीतला नोदिर सोबिरोविच कागद फडकावत पुढे आला. "खाला, इथे सही करा आणि बाजूला व्हा. गावाबाहेर फ्लॅट मिळतोय तुम्हाला. चौथा मजला, नळाला गरम पाणी."

"आणि तंदूर कुठे मांडू साहेब? गॅलरीत?"

शेजारणी फिसकन हसल्या. नोदिरचे कान लाल झाले. "सरकारचा हुकूम आहे."

"असेल. पण तंदूर गल्लीचा आहे. याची माती आम्ही पायांनी तुडवली. तेव्हा तुमचं सरकार बघायलासुद्धा फिरकलं नव्हतं."

नोदिरने चालकाला हात केला. यंत्र गुरगुरत पुढे सरकलं. खालाने जेवणाचा दस्तरखान ओढला, वाटेवर आडवा अंथरला आणि त्यावर गरम नान मांडायला लागली, एकाला एक लावून. ते अपुरे पडले तशा शेजारणी पळाल्या आणि आपापल्या घरातले घेऊन आल्या. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रांग पुरी झाली.

चालकाने इंजिन बंद केलं.

"एर्गाश, चालव," नोदिर म्हणाला.

"नानावरून?" एर्गाश खाली उतरला. "नोकरी गेली तर दुसरी बघेन, साहेब. नान चिरडून घरी गेलो तर आई उंबऱ्याच्या आत घेणार नाही."

"हो बाजूला. मीच उचलतो."

नोदिर तणतणत वाकला. त्याने कडेचा नान उचलला आणि भिरकावायला हात मागे नेला. पण हात भलतीकडेच वळला. नान आधी ओठांना लागला, मग कपाळाला. वाटेतला नान उचलला की असंच करायचं असतं. त्याला बोलता येण्याआधीपासून ते ठाऊक होतं. कपाळाला लावलेला नान आता फेकता येईना आणि परत खालीही ठेवता येईना. साहेब तो दोन्ही हातांत धरून साऱ्या गल्लीसमोर तसेच उभे राहिले.

कुणी हसलं नाही.

"धरलाच आहेस तर खा," खाला म्हणाली. "गरम आहे."

"उद्या परत येईन मी," नोदिर कसाबसा म्हणाला.

"ये, बाळा. उद्या पीठ दुप्पट भिजवते."