दुसऱ्याच्या हातची काडतुसं

आर्विडने काडतूस व्हर्नियर मोजपट्टीच्या जबड्यात धरलं, आकडा पाहिला, मग तेच काडतूस फिरवून पुन्हा मोजलं.

"हे माझं नाही," तो म्हणाला.

त्याची बायको आयोन गॅरेजच्या दारात बटाटे सोलत बसली होती. "तुझ्याच डब्यातून काढलंस ना?"

"डबा माझा. पुंगळी माझी. पण गोळी मी बसवलेली नाही. केसभर आत गेलीय." त्याने दुसरं मोजलं. "हेही तसंच. कोणीतरी माझी काडतुसं उघडून पुन्हा बंद करतंय."

"अरे, कोण कशाला करेल?"

आर्विडने भिंतीवरच्या निशाणाच्या कागदांकडे पाहिलं. उन्हाळ्याच्या सुरुवातीचे कागद पाहण्यासारखे होते. तीन गोळ्यांची छिद्रं एकमेकांत मिसळलेली, तीन पाकळ्यांच्या फुलासारखी. गेल्या काही आठवड्यांतल्या कागदांवर तीच छिद्रं तीन दिशांना पांगलेली होती. रायफल तीच, माणूस तोच.

यंदा सोडतीत त्याला नर एल्कच्या, सांबरासारख्या मोठ्या हरणाच्या, शिकारीचा परवाना लागला होता. मोंटानात असा परवाना आयुष्यात एकदा लागला तरी नशीब म्हणायचं. वसंतापासून तो त्या एका शिकारीसाठी काडतुसं घडवत होता. बंदुकीची दारू थोडी थोडी वाढवायची, माळावर जाऊन उडवायची, कागद पाहायचा, परत यायचं. शेवटी रायफलीला मानवेल असं माप सापडलं होतं. ते माप त्याने कोणालाही सांगितलं नव्हतं.

विचारणारा एकच होता. शेजारच्या रानातला रॉइस प्रूएट.

"सांग की लेका, किती भरतोस?" रॉइस दर वेळी विचारायचा. "मेल्यावर थडग्यात घेऊन जाणारेस का?"

"थडग्यावर कोरून ठेवीन. तू आधी गेला नाहीस, तर येऊन वाच."

मागच्या शरदात क्लबच्या नेमबाजीत आर्विडने त्याला हरवलं होतं. रॉइस हसला होता, पाठही थोपटली होती. पण आता आर्विडला ते हसू वेगळंच आठवायला लागलं. गॅरेजला कुलूप नसायचं. रॉइस कधीही यायचा, कॉफी प्यायचा, टेबलाशी रेंगाळायचा. अलीकडे दारूचे डबेही जागचे हललेले असायचे. आर्विडने ठेवलेला डबा खालच्या फळीवर सापडायचा, आणि खालचा वर.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला तो मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "मी गावात जाऊन येतो. काडतुसांच्या बुडाचे प्रायमर संपत आलेत. दुपार होईल."

"सावकाश ये," आयोन म्हणाली. तिने त्याच्या कोटाचं वरचं बटण लावून दिलं.

आर्विडने गाडी वळणापलीकडे सूचिपर्णीच्या झाडीत उभी केली आणि गोठ्यामागून चालत परत आला.

गॅरेजमधून ठकठक ऐकू येत होती. रॉइस त्याच्याच स्टुलावर बसला होता. हातात काडतुसातून गोळी उपसायचा हातोडा. समोर फोडलेली काडतुसं, सुट्या गोळ्या, पत्र्याच्या वाटीत ओतलेली दारू.

"काम चालू दे," आर्विड म्हणाला.

रॉइस दचकला, पण उठला नाही. त्याने आधी वाटीवर फडकं टाकलं.

"मी बाहेर जाणार हे तुला कोणी सांगितलं?"

रॉइसची नजर स्वयंपाकघराच्या खिडकीकडे गेली आणि लगेच परत आली. "रस्त्यावरून तुझी गाडी जाताना दिसली."

"खोटं बोलतोस. त्या वाटेला तुझं घर लागतच नाही."

"बरं," रॉइस म्हणाला. "तुझं माप हवं होतं मला. हरलो ते डोक्यातून जात नव्हतं. झालं समाधान?"

"आणि माझी काडतुसं बिघडवत होतास. शिकारीच्या तोंडावर."

"हो."

एवढी जुनी दोस्ती, आणि भांडायलाही तो तयार नव्हता. आर्विडला त्याचाच जास्त राग आला. त्याने हातोडा हिसकावून घेतला.

"नीघ. परत या कुंपणाच्या आत दिसू नकोस."

रॉइस टोपी घालून निघून गेला. आयोन दारात उभी होती. जाताना त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही.

आर्विडने जुनी काडतुसं सगळी बाजूला सारली आणि नवी भरायला घेतली. गॅरेजचं दार आतून लावून तो एकटाच बसला. प्रत्येक काडतूस मोजलं. या वेळी केसाचाही फरक नव्हता. डबा कपाटात ठेवून त्याने कुलूप घातलं आणि किल्ली आयोनच्या हातात दिली.

"तुझ्याशिवाय आता कोणावर भरवसा नाही. उद्या उडवून बघतो."

"जेव आणि जरा पड," ती म्हणाली.

त्याचं घोरणं सुरू झाल्यावर आयोन गॅरेजमध्ये गेली. कपाट उघडून तिने एक काडतूस घेतलं, रॉइसला करताना पाहिलं होतं तसं हातोड्यात अडकवलं आणि ठोकलं. पांढऱ्या बशीत दारू ओतून तिने फोन लावला.

"दाणे कसे आहेत?" रॉइसने पहिलं तेच विचारलं.

"चपटे. टिकल्यांसारखे."

"बारीक काड्यांसारखे नाहीत? नक्की?"

"नाहीत."

"मग परत डबा चुकला त्याचा, पिस्तुलाचीच दारू भरलीय त्याने. एक जरी उडवलं तरी रायफल गालाशीच फुटेल. मागच्या प्रत्येक खेपेला हेच उपसून मी रायफलीची दारू अंदाजाने भरून ठेवत होतो. दुसरं उघड."

तिने दुसरं उघडलं. मग तिसरं.

"सगळ्यांत तेच आहे," आयोन म्हणाली. "तुला आता येता यायचं नाही. चांगली दारू कशी भरायची ते मला सांग. सावकाश सांग. त्याला एल्क आणायचाय, रॉइस. मला तो घरी परत आलेला हवाय."